बाबा, तारीख घेतली

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, आधी रागवून घ्या. तुम्हाला न विचारता मी पायाच्या ऑपरेशनला डॉक्टरांना होकार दिला. अखजी झाली की न्यायला येते.

‘पाय गुडघ्याखाली काप एकदाचा’ म्हणता. पण दोन वर्षं जखम बुजते नि पुन्हा वाहते, त्यात तुमची हयगय नाही. हाडात बसवलेल्या सळीवर जंतूंचा थर धरलाय, तिथवर औषध नीट पोचत नाही. मेलेल्या हाडात तर रक्तच नाही, औषध जाणार कुठून? म्हणून सळी काढायची आणि रक्त येणारं हाड लागेपर्यंत मेलेलं कापायचं. अंदाजे ६ सेंटिमीटर जाईल.

ते भरणार कसं, हे आई, तुला लगेच कळेल. आजी पेळूतून सूत काढायची ना? घाईनं ओढलं की तुटायचं. इथं पायाभोवती कड्या बसवतात, वरच्या चांगल्या हाडाला काप देतात, आठवडाभर थांबतात. मग कापाखालचा तुकडा रोज १ मिलिमीटर खाली सरकवायचा, मागं नवं हाड धरत येतं. फार हळू सरकवलं तर काप आधीच जुळून बसतो. सायबेरियातल्या कुर्गानचे डॉक्टर इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात ही रीत बसवली.

सरकायला ६० दिवस. हाड पक्कं व्हायला मात्र त्याहून कितीतरी जास्त, कड्या वर्षभर धरून चला. फोनवर मी ‘काही महिने’ म्हणाले होते. तेव्हा धीर झाला नाही.

नागपूरची खोली तळमजल्यावर आहे, कमोड आहे. ज्वारी चक्कीवरून दळून ठेवते. पायजम्याची एक बाजू उसवून बटणं लावलीत, कड्यांवरून जाईल. आर्वीला कापसाच्या बंडीवर मला वर बसवून तुम्ही रात्रभर पायी चालायचे, ते पाय आहेत हे, बाबा. असे कापू देईन मी?

आता ऐका. खर्रा आजपासून बंद, तंबाखूनं हाड उशिरा जुळतं. आई, खिसे तपास, उशीखालीही बघ. साखर तपासून रिपोर्ट पाठव. कोणी झाडपाल्याचा लेप सांगितला तर हो म्हण नि लावू नको.

आणि यंदा शेत बटईनं देतोय. दादाशी बोलणं झालं. बैल मात्र आपल्याच गोठ्यात राहतील, पोळ्याला काठी घेऊन तोरणाखाली तुम्हीच उभे राहाल.

कड्यांची चावी दिवसातून चारदा फिरवायची, पाव-पाव मिलिमीटर. तीन पाळ्या आई, तुझ्या. रात्रीची माझी.

तुमची,
चिमी