मेटलवाल्या पोरांच्या भांडणात पडलेल्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र उघड लिहितोय. तुम्हाला एकट्याला पाठवलं असतं तर "बरं बरं" म्हणून घडी घालून ऑक्टोपॅडच्या, म्हणजे तुमच्या त्या इलेक्ट्रॉनिक ड्रमच्या, पेटीत टाकलं असतं. आभार मानायला आलेल्या माणसाला चहा पाजून विषय बदलायची तुमची सवय आहे. त्यावर दुसरा इलाज सुचला नाही.

आधी वाचणाऱ्यांना थोडं सांगायला हवं. आम्ही विश्रामबागेत खोल्या घेऊन राहणारी, इंजिनीअरिंग शिकणारी आणि हेवी मेटल ऐकणारी पोरं. सांगलीत हे संगीत ऐकणारे इतके कमी, की आम्ही एकमेकांना धरून राहायला हवं होतं. केलं नेमकं उलटं. एक स्लेअरवाला, एक मेटॅलिकावाला, एक आयर्न मेडनवाला, एक मेशुगावाला आणि मी ब्लॅक सॅबथवाला. कुणाच्या बँडचा ड्रमर भारी, यावरून सुरू झालेली चर्चा मेसच्या बिलापर्यंत पोचली, आणि एकदा तर एका मित्राच्या बहिणीच्या साखरपुड्याला न जाण्यापर्यंत गेली. त्या काळात मेडनवाला आम्हाला मिरजेला तुमच्याकडे घेऊन आला. आधी ढोलकी, मग ऑर्केस्ट्रात ड्रम, मग ऑक्टोपॅड, अशी तुमची उभी हयात वाजवण्यात गेलेली. मिरजेची विसर्जन मिरवणूक दुसरा दिवस उजाडला तरी संपत नाही, आणि त्यात तुम्ही तरुणपणी शेवटपर्यंत हात चालवायचात, एवढं आम्ही ऐकून होतो.

तुम्ही निवाडा कराल असं आम्हाला वाटलं होतं. तुम्ही विचारलंत, "वाजवतो कोण तुमच्यातलं?" कुणीच नाही. मग एकेकाला ड्रमच्या स्टुलावर बसवलंत.

वेगाचा विषय तुम्ही तिथेच निकालात काढलात, म्हणून तो मीही थोडक्यात उरकतो. नाइल या बँडचा जॉर्ज कोलियास, ग्रीक माणूस, दोन पायांनी बास ड्रम वाजवतो त्याचं आम्हाला कोण कौतुक. तुम्ही मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत टिकटिक करणारं यंत्र) मिनिटाला २४० वर लावला आणि बोटांवर हिशेब मांडलात. एका ठोक्यात चार म्हणजे सेकंदाला सोळा, म्हणजे एकेका पायाला आठ. "आता शंभरवर करून दाखवा." शंभरवरसुद्धा आमच्या पोटऱ्या भरून आल्या. इतपत आम्ही अपेक्षा केलीच होती. त्यानंतर तुम्ही मेट्रोनोम पन्नासवर आणलात आणि म्हणालात, आता एका टिकटिकीला फक्त एकच, पण शेवटपर्यंत सारखा. ते जास्त अवघड निघालं! दोन ठोक्यांच्या मधली ती मोकळी जागा खायला उठायची आणि पाय आधीच पडायचा. ख्यालाच्या साथीला विलंबित एकताल धरून बसणारे तबलजी मिरजेत तुम्ही लहानपणापासून ऐकलेत. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं हे गाव. त्या संथपणाची किंमत तुम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आम्हाला होती.

मी ब्लॅक सॅबथच्या ड्रमरचा, बिल वॉर्डचा माणूस असल्यामुळे त्या दिवशी मनातून खूश झालो होतो, हे खरं. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १९७० च्या फेब्रुवारीत आला. बर्मिंगहॅमची चार कामगारवस्तीतली पोरं, आणि अल्बमचा बहुतेक भाग एका दिवसात रेकॉर्ड केलेला. वॉर्ड जॅझचे ड्रमर ऐकत वाढलेला, त्यामुळे एवढ्या जड गिटारच्या खालीही त्याचा हात झुलतो. तुम्ही हेडफोन कानाला लावलात, डोळे मिटलेत आणि डाव्या हाताची बोटं मांडीवर हलायला लागली. "हा मोठ्या ठोक्यांच्या मधे बारीक बारीक काहीतरी पेरतोय बघ," म्हणालात. इतकी वर्षं मी ते गाणं ऐकत होतो, पण ते बारीक ठोके मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आले. या एका गोष्टीसाठी वेगळे आभार, बाकीच्यांत धरू नका.

आता लार्सचं प्रकरण. मेटॅलिकाचा ड्रमर लार्स उलरिक याच्यावरून जगभर मेटल ऐकणारे भांडतात आणि आमच्यातही सगळ्यांत जास्त भांडण त्याच्यावरूनच व्हायचं. स्लेअरवाल्याचं म्हणणं, स्लेअरच्या लोंबार्डोपुढे हा काहीच नाही. डेव्ह लोंबार्डो हवानात जन्मलेला, १९८६ च्या 'रेन इन ब्लड'मधलं त्याचं वाजवणं आजही ड्रमर लोक शिकायला काढतात, आणि तो सगळा अल्बम जेमतेम २९ मिनिटांचा. हे कुणालाच नाकारता येत नाही. मेटॅलिकावाला मग चिडून २००४ काढायचा. त्या वर्षी जूनमध्ये इंग्लंडातल्या डाउनलोड फेस्टिव्हलला लार्स आजारी पडला आणि ऐन वेळी तीन जणांनी त्याची जागा भरून काढली. स्लेअरचा लोंबार्डो, स्लिपनॉटचा जोई जॉर्डिसन आणि लार्सचाच ड्रम टेक्निशियन फ्लेमिंग लार्सन. स्लेअरवाला म्हणायचा, बघ, कुणीही येऊन वाजवू शकतं. मेटॅलिकावाला म्हणायचा, बघ, एकाच्या जागी तिघं लागले. पुरावा एकच आणि तोच दोन्ही बाजूंना लागू, त्यामुळे वाद मिटायचा नाही.

तुम्ही हसलात. ऑर्केस्ट्रात बदली वादक ही रोजची गोष्ट. कुणाच्या घरी कार्य, कुणाला ताप, आणि संध्याकाळी कवठेमहांकाळला कार्यक्रम. "बदलीला आलेला माणूस माझ्यापेक्षा चांगला वाजवंल बी. पण कुठं थांबायचं, कुठं घ्यायचं, ते आधी कुणीतरी बसवलेलं असतं, आणि तो तेच वाजवतो." आणि मग आमच्याकडून मेटॅलिकाचं एक जुनं गाणं ड्रमकडे लक्ष ठेवून परत परत ऐकून घेतलंत. गिटारच्या कुठल्या सुरावर झांज पडते, कुठे सगळे एकदम थांबतात, कडव्याकडून धृपदाकडे जाताना काय बदलतं. हात लोंबार्डोचे चांगले, यावर तुमचं दुमत नव्हतं. पण गाणं बसवणं हेही कसबच आहे आणि ते हातात दिसत नाही, हे तुम्ही दाखवून दिलंत. २००३ च्या 'सेंट अँगर'मधला तो डबा वाजवल्यासारखा स्नेअर (खाली तारा लावलेला छोटा ड्रम) ऐकून मात्र तुम्ही हेडफोन काढून ठेवलेत. "खालच्या तारा सोडून दिल्यात ह्यानं. का?" मेटॅलिकावाल्याकडे उत्तर नव्हतं. कुणाकडेच नसतं.

मेडनवाल्याला तुम्ही फार वेळ दिला नाहीत, त्याची त्याला अजून खंत आहे. मेडनचा ड्रमर निको मॅकब्रेन, दुसरे ड्रमर दोन पेडलवर करतात ते बहुतेक सगळं एकाच पायाच्या एका पेडलवर करायचा, हे ऐकून तुम्ही नुसते "शहाणा आहे" म्हणालात. २०२३ च्या जानेवारीत त्याला पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली, आणि तरी त्याच वर्षी तो दौऱ्यावर उभा राहिला. डिसेंबर २०२४ मध्ये दौऱ्यांतून निवृत्त झाला. ही बातमी मेडनवाल्यानं तुम्हाला फोनवर सांगितली, तेव्हा तुम्ही बराच वेळ त्याच्याशी बोललात, असं तो सांगतो. काय बोललात ते सांगत नाही.

खरी रंगत आली ती ट्रिगरवर. बास ड्रमच्या कडेला एक छोटा सेन्सर लावतात. पाय पडला की तो खूण पाठवतो आणि आधी साठवून ठेवलेला आवाज वाजतो, पाय हलका पडो की जोरात. आमच्यातले निम्मे म्हणायचे, ही चक्क फसवणूक आहे. तुम्ही उठून ऑक्टोपॅड पुढे ओढलात. "मग मी आयुष्यभर फसवत आलोय म्हणा की." खोलीत एकदम शांतता. मग तुम्ही समजावलंत. एवढ्या वेगात पाय उचलायला जागाच नसते, फटका हलकाच पडतो, आणि मोठ्या मांडवात गिटारच्या गोंगाटाखाली त्याचा नुसता गडगडाट होतो. ट्रिगर लावला की एकेक ठोका सुटा ऐकू येतो. आणि सुटा ऐकू आला की उशिरा पडलेलाही सुटा ऐकू येतो. ऑक्टोपॅडवर नवशिका लगेच ओळखू येतो तो त्यामुळेच, ढोलकीवर थोडं तरी झाकून जातं.

स्टुडिओत ठोके सरकवून ओळीत बसवतात हे मेशुगावाल्यानं काढलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, मग रेकॉर्ड ऐकून भांडू नका, मंचावरचं चित्रण काढा, आणि चेहऱ्यावर नको, पायांवर कॅमेरा असलेलं काढा. आमच्या सगळ्या वादांत याहून उपयोगी वाक्य कुणी बोललेलं नाही.

तरीही काका, ट्रिगरबाबत मी तुमच्याशी सहमत नाही, आणि हे जाहीर पत्रात लिहायची मुभा तुम्ही द्याल अशी आशा आहे. वेळ कळते हे मान्य, पण जोर कळत नाही. बिल वॉर्डचे ते मांडीवर वाजवून दाखवलेले बारीक ठोके सगळे एका मापाचे करून टाकले, तर उरेल काय? तुम्ही स्वतः ऑर्केस्ट्रात लावणी आली की ऑक्टोपॅड सोडून ढोलकी ओढता. का ओढता, ते सांगा.

मेशुगाचा ड्रमर टोमास हाके याच्यावर मात्र तुम्ही भाळलात, आणि त्याचा गर्व मेशुगावाल्याच्या चेहऱ्यावर आजही आहे. आम्हाला ते संगीत नेहमी लंगडत चालल्यासारखं वाटायचं. तुम्ही दोनदा ऐकलंत आणि टाळी धरलीत. हाताची झांज सरळ चार-चार चालली आहे, पाय आणि गिटार मात्र वेगळ्याच विषम तुकड्यांत धावतायत. तुकडे त्या चाराच्या चौकटीवरून पुढे पुढे सरकत जातात, शेवटचा तुकडा कापला जातो आणि सगळे पुन्हा एकत्र येतात. "अरे, हा समेवर आला की!" म्हणून तुम्ही ओरडलात ते शेजारच्यांनाही ऐकू गेलं असणार. मग तुम्ही तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं, बोलून दाखवलीत, आणि आम्ही पहिल्यांदा त्या गाण्यात एक कुठे येतो ते मोजू शकलो. त्यांचं २००८ सालच्या 'ऑबझेन'मधलं 'ब्लीड' तर तुम्ही फोनवर उतरवून घेतलंत. बरं, याच बँडच्या २००५ च्या 'कॅच थर्टीथ्री'मध्ये ड्रम माणसानं वाजवलेलेच नाहीत, संगणकावर लिहिलेत, हे मेशुगावाल्यानं तुम्हाला सांगितलं होतं का? मला शंका आहे.

टूल बँडचा ड्रमर डॅनी कॅरी आलोक दत्ता यांच्याकडे तबला शिकला, हे कळल्यावर तुम्ही म्हणालात, "मग त्याला अमेरिकेत कशाला ऐकताय, मिरजेत ऐका." आम्ही त्या वर्षी मीरासाहेब दर्ग्यातल्या उरुसाच्या संगीत सभेला रात्रभर बसलो, ते तुमच्या या एका टोमण्यामुळे. स्लेअरवाला पहाटे झोपला. त्याला सांगू नका मी हे लिहिलंय म्हणून.

आणि तो माइक मँजिनी. २००५ मध्ये एका मिनिटात १२०३ ठोके मारून विक्रम करणारा, पुढे ड्रीम थिएटरमध्ये गेलेला. मी मोठ्या अभिमानानं आकडा सांगितला आणि तुम्ही विचारलंत, "ठीक आहे, मग गाणं कुठलं वाजवलं?" विक्रमात गाणं नसतं, हे सांगताना माझाच आवाज पडला. माणूस उत्तम वाजवतो, तो आकडाच काही सांगत नाही.

वाद थांबलेत असं समजू नका. उलट वाढलेत, पण आता कोण मोठा यावर कुणी बोलत नाही. अमुक गाण्यात दुसऱ्या कडव्याआधी त्यानं तो ठोका का सोडला, यावर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोन चालतात. कुणी पुण्यात आहे, कुणी बंगळूरला. जिचा साखरपुडा आम्ही चुकवला, त्या मित्राच्या बहिणीच्या लग्नाला सगळे गेलो, आणि तिथल्या बँडच्या ड्रमरभोवती इतका वेळ उभे राहिलो की नवऱ्याकडचे लोक विचारायला आले.

तुम्ही आमच्याकडून कधी एक रुपया घेतला नाहीत. खोलीचं भाडं, विजेचं बिल, आमच्या लाथांनी फुटलेलं बास ड्रमचं हेड (वरचा पडदा), सगळं तुमच्या खिशातून. ते हेड आम्ही वर्गणी काढून आणलंय, बावीस इंची, दिवाळीत घेऊन येतोय, नको म्हणायचं नाही. शिवाय ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर ब्लॅक सॅबथचे मूळ चौघं शेवटचे एकत्र आले, बिल वॉर्ड ७७ व्या वर्षी ड्रमवर बसला, ते चित्रण तुम्हाला दाखवायचंय. त्याच दिवशी डॅनी कॅरी, चॅड स्मिथ आणि ट्रॅव्हिस बार्कर एकत्र ड्रम घेऊन बसले होते. त्यात कोण जिंकलं हे आम्ही तुम्हाला विचारणार नाही.

मेशुगावालाही येतोय. ट्रिगरचा विषय त्याच्यासमोर काढू नका, नाहीतर आमची महालक्ष्मी एक्सप्रेस चुकेल.

तुमचा,
ब्लॅक सॅबथवाला