टेबलावरचे पुस्तक आणि उसाची ट्रॉली

मा. संपादक, स. न.

‘प्रत्येक क्रियेला समान व विरुद्ध प्रतिक्रिया असते’ हा न्यूटनचा गतीविषयक तिसरा नियम नववीची मुले झोपेतही म्हणतील. उदाहरण विचारले की ठरलेले उत्तर येते: टेबलावरच्या पुस्तकाचे वजन ही क्रिया, टेबलाचा वरचा रेटा ही प्रतिक्रिया. हे चूक आहे, तरी सर्रास चालते.

५०० ग्रॅमच्या पुस्तकाला पृथ्वी ४.९ न्यूटनने ओढते. पुस्तकही पृथ्वीला तितकेच ओढते. ही झाली क्रिया-प्रतिक्रियेची जोडी. टेबलाच्या रेट्याची जोडी निराळी, ती पुस्तकाने टेबलावर दिलेल्या दाबाशी. पडताळा हवा असेल तर पुस्तक खरखरीत फळीवर ठेवून फळी ३० अंशांनी तिरकी करा. वजन ४.९ न्यूटनच राहते, फळीचा लंब रेटा ४.२ वर येतो. तिसऱ्या नियमातली जोडी अशी कधी कमीजास्त होत नाही.

दुसरी अडचण मुले स्वतःच काढतात, आणि ती रास्त आहे: ट्रॉली ट्रॅक्टरला तितक्याच जोराने मागे ओढते, मग गाडी हलते कशी? हंगामात निपाणी-चिकोडी रस्त्यावर उभे राहून हे समजावता येईल. समजा हुकावर ओढ ५००० न्यूटन आहे. ती ट्रॉलीवर पुढे आणि ट्रॅक्टरवर मागे लागते; दोन वेगळ्या वस्तूंवरची बले एकमेकांतून वजा होत नाहीत. ट्रॉलीच्या चाकांना रस्त्याचा विरोध ३००० असेल, तर तिच्यापुरते २००० पुढे उरतात. ट्रॅक्टरला पुढे रेटते ती जमीन, कारण टायर तिला मागे रेटतो. ओल्या काळ्या रानात माती तो रेटा सोसत नाही, चाक जागीच फिरते. आणि हूक मागच्या आसाच्या वर बांधला, तर ट्रॉलीची हीच मागची ओढ ट्रॅक्टरची पुढची चाके उचलते. फडात हे ठाऊक असते, वर्गात मात्र सांगितले जात नाही.

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. दोन ताणकाटे (ओढ मोजणारे स्प्रिंगचे काटे) हुकात हूक अडकवून एक खिडकीच्या गजाला बांधा, दुसरा २० न्यूटनपर्यंत सावकाश ओढा. दोन्ही २० न्यूटन दाखवतील. गजाऐवजी मुलगा उभा केला तरी २०च, ४० नव्हे. काटे आधी आडवे धरून शून्यावर आणावेत, उभे धरून लावलेले शून्य आडवे केल्यावर सरकते. स्प्रिंग नळीला घासली तर आकडे जुळत नाहीत, आणि मुले नियमालाच खोटे ठरवतात.

– काही विज्ञान शिक्षक, चिकोडी तालुका, जि. बेळगाव