‘सी’ ड्राइव्ह भरला म्हणून फॉरमॅट कशाला?

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयातील संगणकावर मध्यंतरी ‘सी’ ड्राइव्हची, म्हणजे डिस्कच्या ज्या भागात विंडोज असते त्याची, पट्टी लाल झाली आणि देखभाल-बिलांची छपाईही थांबली, कारण छपाईला निघालेले पान आधी त्याच ड्राइव्हवर उतरते आणि तिथे तर तसूभरही जागा उरली नव्हती. संगणक दुरुस्तीला नेला असता, आत काय साठले आहे हे न पाहताच “फॉरमॅट मारावा लागेल”, म्हणजे तो ड्राइव्ह पुसून विंडोज नव्याने टाकावे लागेल, असे सांगण्यात आले आणि आम्हीही मान डोलावली. ‘डी’ ड्राइव्हला धक्का लागणार नाही, हे आश्वासन खरेच ठरले. मात्र सचिवांनी आठ वर्षांची इतिवृत्ते डेस्कटॉपवर ठेवली होती, आणि डेस्कटॉप म्हणजे ‘सी’ ड्राइव्हमधलेच एक फोल्डर, हे ना त्यांना ठाऊक होते, ना दुकानातल्या मुलाने विचारले. एका पेन ड्राइव्हवर काही प्रती मिळाल्या, पण त्या युनिकोडपूर्व, म्हणजे रोमन अक्षरांच्याच जागी मराठी अक्षरे दाखवणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या होत्या. तो फॉन्ट विंडोजबरोबरच पुसला गेल्यामुळे ‘सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त’ या मथळ्याच्या जागी रोमन अक्षरे आणि कंसांची रांग दिसू लागली.

हे सारे अर्ध्या तासाच्या कामाने टळले असते, म्हणून हा पत्रप्रपंच.

मुळात या ड्राइव्हला जागा बेताचीच मिळते. १२८ जीबीची म्हणून घेतलेली डिस्क विंडोजमध्ये ११९ जीबीच दिसते, कारण बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या. त्यात विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा नियमित आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने अनेकांनी त्याच यंत्रावर विंडोज ११ चढवले. असे केल्यावर जुनी आवृत्ती ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरमध्ये पडून राहते. साधारण दहा दिवसांनी ती आपोआप निघते, परंतु तेवढे दिवस कळ काढण्याऐवजी लोक दुकान गाठतात. ‘डिस्क क्लीनअप’ उघडून, पहिल्या किरकोळ यादीवर समाधान न मानता ‘क्लीन अप सिस्टीम फाइल्स’ हे बटण दाबले, तर ही जुनी आवृत्ती आणि अद्ययावतीकरणाचा उरलेला गाळ असे दोन्ही काढता येते. मात्र त्यानंतर मागच्या आवृत्तीवर परतण्याची वाट बंद होते, हे ध्यानात ठेवावे. सेटिंग्जमधील स्टोरेजखाली ‘टेम्पररी फाइल्स’ची अशीच यादी मिळते. तिच्यात ‘डाउनलोड्स’ हेही नाव असते, आणि आपल्याकडे सातबारा उताऱ्यापासून बँकेच्या विवरणपत्रापर्यंत सगळे तिथेच पडलेले असते. तेव्हा त्या चौकटीत खूण करण्यापूर्वी फोल्डर एकदा नजरेखालून घालावे.

दुसरा भार डोळ्यांना दिसतच नाही. संगणक ‘हायबरनेट’ करताना, म्हणजे चालू काम जसेच्या तसे जपून बंद करताना, रॅममधला (चालू कामाच्या स्मृतीतला) मजकूर उतरवून ठेवण्यासाठी विंडोज एक लपलेली फाइल राखून ठेवते. विंडोज १० मध्ये ती सहसा रॅमच्या ४० टक्के असते. म्हणजे ८ जीबी रॅमला सुमारे सव्वातीन जीबी, आणि १६ जीबीला त्याच्या दुप्पट. कार्यालयातील टेबलावरच्या संगणकाला हायबरनेट बहुधा लागतच नाही. जाणकाराकडून ते बंद करून घेतले की ही फाइल नाहीशी होते, फक्त सुरू होण्याचा वेग किंचित मंदावतो. लॅपटॉपवाल्यांनी मात्र विचार करूनच हे करावे.

याउलट ‘विनएसएक्सएस’ या फोल्डरचा आकार पाहून हात शिवशिवले तरी ते हाताने पुसू नये. त्यातील पुष्कळ फाइली प्रत्यक्षात एकदाच साठवलेल्या असून दोन ठिकाणी दिसतात, त्यामुळे आकडा फुगतो. शिवाय त्या फोल्डरवरच विंडोज उभे असते. ‘एका क्लिकमध्ये संगणक स्वच्छ’ म्हणणाऱ्या जाहिरातींवर तर माझा मुळीच विश्वास नाही. त्यांच्या रजिस्ट्री-सफाईने (रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) जागा मोकळी होत नाही, नवे सॉफ्टवेअर मात्र त्याच ‘सी’वर येऊन बसते.

‘डी’ ड्राइव्ह रिकामा असेल तर डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डरे, त्यांच्या प्रॉपर्टीजमधील ‘लोकेशन’ या भागातून तिकडे हलवता येतात. नवा संगणक घरी आला त्याच दिवशी हे केलेले उत्तम.

दुरुस्ती करणाऱ्यांकडे माझी मागणी एवढीच आहे, की फॉरमॅट करण्यापूर्वी ग्राहकाला डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि फॉन्ट यांविषयी विचारावे, आणि कशाची प्रत घेतली व काय पुसले हे बिलावर लिहून द्यावे. कापड शिवायला टाकले तरी शिंपी मापे वहीत लिहितो.

संस्थेच्या दुसऱ्या संगणकावर, जिथे ३ जीबी उरले होते, तिथे वरील उपायांनी ३१ जीबी मोकळे झाले. इतिवृत्ते मात्र हस्तलिखित नोंदवहीवरून पुन्हा टंकावी लागत आहेत. २०१९ पर्यंत आलो आहोत.

आपला,
एका गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार, ठाणे