अक्षम्य पापाची भीती आणि ओसीडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त आपण ओसीडीवर (नको ते विचार पुन्हा पुन्हा येऊन तीच ती कृती करायला लावणाऱ्या मानसिक आजारावर) छापलेला लेख वाचला. सतत हात धुणे, कुलूप पुन्हा पुन्हा ओढून पाहणे ही उदाहरणे त्यात होती. या आजाराचे एक रूप मात्र राहून गेले. आमच्या ख्रिस्ती घरांत ते मुकाट्याने सोसले जाते, म्हणून लिहिते आहे. मी निवृत्त परिचारिका असून चर्चच्या मंडळीत मुलांचे संडे स्कूल घेते.

आमच्याकडची कॉलेजात जाणारी एक मुलगी उपासनेत प्रभुभोजनाचे (भाकर-द्राक्षारसाच्या प्रसादाचे) तबक आले की काही न घेता पुढे सरकवू लागली. पुढे ती माझ्याशी बोलली (हे तिला विचारूनच लिहिते आहे). प्रार्थनेला डोळे मिटले की पवित्र आत्म्याबद्दल, म्हणजे देवाच्याच आत्म्याबद्दल, एक घाणेरडी शिवी तिच्या मनात येई. मग ‘प्रभू, क्षमा कर’ पुटपुटत बसायचे, मध्ये शंका आली की पुन्हा पहिल्यापासून. अभ्यास गेला, झोप उडाली. त्यातच मोबाईलवर कुणा प्रचारकाची क्लिप आली: पवित्र आत्म्याची निंदा करणाऱ्याला कधीच क्षमा नाही. ‘मावशी, माझ्यासाठी सगळं संपलं,’ म्हणाली.

हे वचन बायबलमधील मार्कच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात आहे, एकोणतिसावे. यरुशलेमेहून आलेले शास्त्री (यहुदी धर्मशास्त्राचे पंडित) लोकांना सांगत होते, येशू भुते काढतो ती भुतांच्या अधिपतीच्या बळावर. त्यांना उद्देशून येशूने ते शब्द उच्चारले, आणि तिसाव्या वचनात कारणही दिले आहे: त्याला अशुद्ध आत्मा लागला आहे असे ते म्हणत होते. अठ्ठाविसाव्यात तर माणसांच्या सर्व पापांची आणि निंदेची क्षमा होईल असे अभिवचन आहे. क्लिपमध्ये ते नव्हते. प्रेषित पौलही स्वतःला पूर्वीचा निंदक म्हणवतो, आणि त्याच्यावर दया झाली (१ तीमथ्य १:१३). देवाचे काम डोळ्यांसमोर असताना त्याला सैतानाचे ठरवणाऱ्यांना दिलेला इशारा क्षमेसाठी रडणाऱ्या पोरीवर कसा काय लावता? मला याचा फार राग येतो.

ही भीती जुनीच आहे. यात्रेकरूच्या रूपककथेमुळे आपल्याकडेही ठाऊक असलेल्या जॉन बन्यन या सतराव्या शतकातील इंग्रज लेखकाला ‘ख्रिस्ताला विकून टाक’ हा विचार छळत असे. आता आपल्याला क्षमा नाही असे धरून त्यांनी काय काय भोगले, ते त्यांनी १६६६ साली स्वतः प्रसिद्ध केले. त्यांच्या काळी यावर उपचार नव्हते. आज आहेत.

तरी या मुलीला आधी उपास सांगणारे भेटले, डोक्यावर हात ठेवून ‘तो आत्मा’ घालवणारेही भेटले. त्याने विचार वाढलेच. शेवटी आमचे पाळकच (चर्चचे धर्मगुरू) तिला घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. डॉक्टरांनी सांगितले, पुन्हा पुन्हा क्षमा मागणे हा आजाराचाच भाग आहे. विचार आला तर त्याला उत्तर न देता तसाच राहू द्यायला शिकायचे. पाळकांनाही त्यांनी बजावले की रोज फोनवर ‘तुला क्षमा आहे’ म्हणू नका, तो धीर तासभर टिकतो आणि शंका अधिक जोराने परतते. परिचारिका असून मला हे नवीन होते. पाळकांनी तिला एकदा नीट समजावले. त्यानंतर तिने पुन्हा विचारले की ते परीक्षेची चौकशी करत. गोळ्या आणि उपचार चालू आहेत. विचार अजून येतात, पण ती वर्गात जाऊ लागली आहे.

पाळकांना आणि उज्जीवन सभांतल्या (श्रद्धा जागवण्यासाठी भरणाऱ्या प्रार्थनासभांतल्या) वक्त्यांना माझी विनंती आहे: या वचनावर बोलणार असाल तर बाविसाव्यापासून तिसाव्यापर्यंत सगळे वाचून दाखवा. नंतर कुणी भेदरून जवळ आले तर झोप-जेवणाचीही विचारपूस करा आणि गरज दिसली की डॉक्टरांकडे पाठवा. मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेली-मानस ही फोनवरील सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते, मराठीतूनही बोलता येते.

देवळात आणि मशिदीत जाणाऱ्या मुलांनाही असे नको ते विचार छळतात. आपण यावर एखाद्या मानसोपचारतज्ज्ञांकडून स्वतंत्र लेख लिहून घ्यावा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, अहिल्यानगर