किलोला एक गुण

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला शाळांमधल्या हाऊसवरचा, म्हणजे स्पर्धांसाठी पाडलेल्या मुलांच्या रंगवार गटांवरचा, लेख सोमवारी वाचला. आमच्या घरी पेपर येत नाही. शेजारच्या काकांचा वाचून झाला की तो आमच्याकडे येतो आणि संध्याकाळी पुन्हा घडी घालून परत द्यावा लागतो. हे उगाच सांगत नाही, पुढे संबंध आहे.

लेखिका समुपदेशक आहेत, त्यांनी पुष्कळ मुलं पाहिली असतील. पण चार रंगांचे बिल्ले लावून मुलांमध्ये वैर पेरलं जातं, जिवाभावाच्या मैत्रिणी एकमेकींशी बोलेनाशा होतात, सबब हाऊस बंद करा, हे वाचून राहवलं नाही. गेल्या वर्षी नववीत असताना मी हिरव्या हाऊसची कॅप्टन होते. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण निळ्यात. खो-खोच्या अंतिम सामन्याआधी आम्ही दोघींनी एकाच डब्यातली पोळीभाजी खाल्ली. मग मैदानात तिनेच मला बाद केलं, वर जीभ काढून दाखवली. वैर झालं ते एवढंच. दुसऱ्या दिवशी गणिताची वही तिनेच आणून दिली.

हाऊस ही इंग्रजांच्या बोर्डिंग शाळांमधली प्रथा, ती आपण का जपायची, असंही लेखात आहे. आली तिथूनच, नाही कोण म्हणतंय? तिथे मुलं खरोखर त्या त्या घरात राहायची. आपल्याकडे नवोदय विद्यालयांत आजही राहतात. माझा मामेभाऊ नवोदयला आहे. अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी ही त्यांची हाऊस. त्याच्यासाठी हाऊस म्हणजे झोपायची खोली आणि ताप आला की उशाशी बसणारा अकरावीचा दादा. नववीत त्यांच्यातली काही मुलं वर्षभरासाठी हिंदी भाषक राज्यातल्या नवोदयला जातात, तिकडची इकडे येतात. परक्या मुलखात पहिल्याच दिवशी कुणीतरी 'तूही निलगिरीचा का?' विचारलं की निम्मं रडू थांबतं, असं तो सांगतो. आमच्यासारख्या रोज घरी जाणाऱ्यांच्या शाळेत हाऊस म्हणजे फक्त खिशावरचा बिल्ला आणि शनिवारचा रंगीत टी-शर्ट, हे कबूल. पण तो टी-शर्ट नसता तर पाचवीतली पोरं आणि नववीतल्या आम्ही एका संघात आलो असतो का? पाचवीतल्यांना आम्ही एरवी फक्त पाण्याच्या टाकीपाशी ढकलतो.

तेव्हा बाईंचं म्हणणं मला पटत नाही. मात्र सगळं छान चाललंय असंही नाही. स्पर्धा आम्ही खेळतो, गुण मोठी माणसं देतात, आणि घोळ तिथे आहे. लेखात त्यावर एक ओळ नाही.

आमच्याकडे वर्षभरात बारा स्पर्धा असतात. खो-खो, कबड्डी, लंगडी, रिले, समूहगान, वक्तृत्व, प्रश्नमंजूषा, रांगोळी वगैरे. पहिल्या क्रमांकाला ५० गुण, दुसऱ्याला ३०. कॅप्टनचं खरं काम जिंकणं नसतंच, माणसं जमवणं असतं. वक्तृत्वाला नाव द्यायला कुणी तयार नसतं आणि नाचाला सगळ्यांनाच पुढच्या रांगेत उभं राहायचं असतं. समूहगानाला आवाज असलेल्या मुली निळ्यात आणि पेटी वाजवणारा मुलगा पिवळ्यात, अशी वाटणी कुणी केली होती देव जाणे. रोज प्रार्थनेनंतर नखं आणि बूट तपासायचे, त्याचे शिस्तीचे गुण वेगळे. त्यात आम्ही कायम मागे, कारण आमच्यातली निम्मी पोरं वस्तीतून चिखल तुडवत यायची.

खो-खोवर मात्र आमचा जीव होता. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं आणि चषक उचलला आपल्या महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेने. सरांनी तो सामना आम्हाला मोबाइलवर दाखवला होता. त्यानंतर मधल्या सुट्टीत मैदान रिकामं मिळेना. आमच्या अंतिम सामन्यात शेवटची पाळी संरक्षणाची होती. मी बाद होऊन रेषेबाहेर उभी. आतल्या तुकडीतली एकटी सातवीतली एक मुलगी उरलेली, निळ्यांना बरोबरीसाठी एक गडी हवा होता. ती पोरगी एरवी हजेरी देतानासुद्धा ऐकू येत नाही. पण त्या दिवशी तिने अशी एकेरी साखळी धरली, बसलेल्या एकेकीच्या मधून अशी नागमोडी पळाली की पाठलाग करणारीला खो कुठे द्यावा कळेना. एकीने खांबावर सूर मारला तेव्हा हिच्या फ्रॉकची किनार तेवढी हातात आली असेल. शिट्टी झाली. गुडघे सोललेले, तोंडात माती, आणि ही मला विचारते, "ताई, संपलं?"

त्या सामन्याचे आम्हाला ५० गुण मिळाले.

आता रद्दी. फेब्रुवारीत शाळेने पर्यावरण उपक्रम म्हणून रद्दी संकलन जाहीर केलं, किलोला एक गुण. आमच्या घरी पेपर येत नाही हे मी वर लिहिलंच आहे, हाऊसमधल्या बहुतेकांची तीच गत. जिथे येतो तिथे तो महिनाअखेरीला विकून त्याच पैशांतून पेपरवाल्याचं बिल भागवतात. तरी पोरांनी जुन्या वह्या आणल्या, किराण्याच्या पिशव्या आणल्या, एकाने बहिणीची अजून लागणारी पुस्तकं आणली, ती मी परत पाठवली. दोन आठवड्यांत आम्ही कसेबसे ७० किलो जमवले. शेवटच्या दिवशी निळ्यांचा छोटा हत्ती टेम्पो गेटमधून आत आला. एका मुलाच्या वडिलांचा छापखाना आहे. चुकलेल्या लग्नपत्रिका, कापलेल्या कडा, गठ्ठेच्या गठ्ठे. काट्यावर भरले ६४० किलो.

हिशेब करून पाहा. वर्षातल्या बाराही स्पर्धा एकाच हाऊसने जिंकल्या असत्या तर झाले असते ६०० गुण. म्हणजे जूनपासून आम्ही सगळे जे धावलो, गायलो, पाठ केलं, ते एका टेम्पोने एका फेरीत मागे टाकलं. निळ्यांची मुलं नाचली, मीही नाचले असते. त्या वडिलांवरही राग नाही, त्यांनी मागितली तेवढी रद्दी दिली. राग आहे तो किलोला एक गुण ठरवताना ज्यांना खो-खोचे किती गुण असतात हे आठवलं नाही त्यांच्यावर. मी उपक्रम सांभाळणाऱ्या सरांना विचारायला गेले. ते म्हणाले, "अगं, पर्यावरणापेक्षा खेळ मोठा का?" यावर नववीतल्या मुलीने काय बोलायचं असतं? मी 'नाही सर' म्हणून परत आले. रद्दी विकून आलेल्या पैशांचं काय झालं हे विचारायचं राहूनच गेलं. बक्षीस समारंभात पाहुण्यांना शाली मात्र चांगल्या होत्या.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अभ्यास आणि अभ्यासेतर असा भेद नको असं म्हटलंय, हे आम्हाला वक्तृत्वाच्या स्पर्धेसाठी पाठ करायला लावलं होतं. दहावी-बारावीला खेळाडूंना बोर्डाचे सवलतीचे गुण असतात, त्यात शाळेतल्या शाळेत खेळलेल्या सामन्याला किंमत नाही. म्हणजे त्या सातवीतल्या मुलीच्या दीड मिनिटाची नोंद जगात फक्त आमच्या नोटीस बोर्डावर व्हायची होती, तिथेही ती रद्दीखाली गेली. तेव्हा लेखिकाबाई, हाऊस बंद करायला सांगण्याऐवजी शाळांना एवढंच सांगा की कोणत्या गोष्टीला किती गुण ते जूनमध्येच लिहून फळ्यावर लावा आणि मध्येच नवीन काही घुसडू नका. पालकांच्या खिशातून किंवा गाडीतून येणारे गुण तर मुळीच नकोत. मुलांच्या मनाचं आम्ही बघून घेऊ.

जाता जाता तुमच्याबद्दलही एक तक्रार आहे, छापाल तर बरं. त्या बक्षीस समारंभाची बातमी तुमच्या जिल्हा पानावर आली होती. संस्थेचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, दोन माजी नगरसेवक, प्रमुख पाहुणे, सूत्रसंचालन कुणी केलं, आभार कुणी मानले, सगळ्यांची नावं होती. खो-खोच्या विजेत्या संघातल्या एकाही मुलीचं नाव नव्हतं. फोटोत ढालीला सगळे मोठ्यांचे हात, आणि मागून आमच्या वेण्या दिसतात. काकांनी तो अंक मला कायमचा ठेवायला दिला, तर त्यात ठेवण्यासारखं काही नाही. आई म्हणते, दहावीचं वर्ष आहे, पत्रं कसली लिहितेस. पण विश्वचषक जिंकल्यावर मुलींची नावं पहिल्या पानावर छापता येतात, तर शाळेत जिंकल्यावर आतल्या पानावर छापायला हरकत काय?

यंदाच्या सामन्यांनंतर मुलींना विचारून सगळ्यांची नावं मी स्वतः लिहून पाठवीन, राखीव खेळाडूंसकट, शुद्धलेखन तपासून. जागा कमी पडत असेल तर 'आदी मान्यवर उपस्थित होते' हे वाक्य तुमच्याकडे तयारच आहे. ते मोठ्या मंडळींसाठी वापरावं.

आपली,
माजी कॅप्टन, हिरवं हाऊस
इयत्ता दहावी, जि. सातारा