नियम आणि गोळीवरचा लेप

संपादक महोदय,

रासायनिक सुरक्षेच्या नियमांमुळे उद्योगात नवे काही होत नाही, ही ओरड अर्धीच खरी आहे. औषधाच्या गोळीवरच्या लेपाचेच पाहा. तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डायक्लोरोमिथेन अशा द्रावकांत विरघळवून फवारत. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते) १२ अंश सेल्सिअस, म्हणजे गोव्यातल्या वेर्णे-कुंडईच्या औद्योगिक वसाहतींत ते बारमाही पेट घेण्याजोगे. त्याच्या जोडीच्या डायक्लोरोमिथेनला तयार औषधात ६०० पीपीएमची (दहा लाख भागांत ६०० भाग) मर्यादा आहे. फ्लेमप्रूफ (आतली ज्वाला बाहेर न जाऊ देणारी) मोटर, अर्थिंग, वायू-शोधक हा सगळा खर्च टाळायचा तर पाण्यातला लेप, आणि तो रुळला.

पण पाणी फुकट वाळत नाही. त्याला वाफ व्हायला अल्कोहोलच्या सुमारे तिप्पट उष्णता लागते. जुलैच्या दमट हवेत आत घेतलेली हवा आधी कोरडी केली नाही, तर गोळ्या एकमेकींना चिकटतात, लेपाचे टवके उडतात. मग फवारा कमी करावा लागतो आणि बॅच लांबते. यंत्र घेताना डीह्युमिडिफायर (हवा कोरडी करणारे उपकरण) वगळणारे इथेच फसतात.

नियमांची अडचण वेगळीच आहे. १९८९ च्या घातक रसायन नियमांत, उदाहरणार्थ, क्लोरीनचा साठा २५ टन वा अधिक असेल, तर सुरक्षेवर परिणाम करणाऱ्या बदलाआधी ९० दिवस सुधारित सुरक्षा अहवाल द्यावा लागतो. एवढ्या साठ्याला ते रास्तच. मात्र प्रयोगशाळेतल्या पाच लिटरच्या चाचणीलाही कागदांची तीच धास्ती बाळगली जाते. लहान चाचणीसाठी कारखाने निरीक्षणालयाने एक पानी, मराठी-कोंकणीतला खुलासा काढावा.

— एक वाचक, फोंडा