मधुराला माहेरी सोडायच्या आधी

प्रिय नितू,

काल फोनवर म्हणालास की मधुराला बाळंतपणासाठी कोल्हापूरला सोडून आलो की तीन-चार महिने मी मोकळा, ऑफिसचं प्रोजेक्ट तेवढ्यात उरकतो. बाबा शेजारी बसले होते म्हणून काही बोलले नाही. मोकळा वगैरे काही नाहीयेस तू.

मी एवढी वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढली, बीपी, टाके, दूध येतंय का ते सगळं बघायचो पण बाईच्या मनाचं काय चाललंय ते लिहायला फाइलमध्ये रकानाच नव्हता. रडतेय म्हटलं की दृष्ट काढायची नाहीतर ओरडायचं, एवढं गोंडस बाळ झालंय आणि रडतेस काय!

आपल्या सावंतवाडीपासून गोव्यातलं म्हापसा किती लांब, तिथे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या टीमने 270 गरोदर बायकांचा अभ्यास केला होता, 2002 साली छापून आला. बाळ सहा ते आठ आठवड्यांचं झालं तेव्हा त्यातल्या 23 टक्के आयांना डिप्रेशन होतं, आणि त्या आजारी बायकांपैकी 78 टक्क्यांना मनाचा त्रास गरोदरपणातच सुरू झालेला होता. म्हणजे बघ, आपण बाळंतपणानंतर बघू म्हणतो आणि ते आधीच आत येऊन बसलेलं असतं. अर्ध्याहून जास्त जणी सहा महिन्यांनीही बऱ्या नव्हत्या. कारणांमध्ये गरिबी आली, नवऱ्याशी नीट नसणं आलं आणि मुलगी होणंही आलं. मुलीचं तर मला नवल नाही वाटलं, लेबर रूमच्या बाहेर नातेवाइकांचे चेहरे पडलेले मी बघितलेत. तुझी आत्या आत्तापासून "पेढे की बर्फी" करतेय, तिला मी गप्प करते, पण मधुरासमोर कुणी असलं बोललं तर तू तिथल्या तिथे थांबवायचं, मागाहून सॉरी म्हणून काही उपयोग नाही.

आता घाबरूही नकोस. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येतं, चिडचिड होते, ते पुष्कळ जणींना होतं आणि दोनेक आठवड्यांत जातं. त्याच्या पुढे गेलं, कशात मन लागेना, बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, सारखं माझंच चुकतंय असं वाटत राहिलं तर थांबायचं नाही, डॉक्टर गाठायचा. एडिनबरा स्केल म्हणून दहा प्रश्नांचा कागद असतो, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारतात, तो आत्ताच्या तपासणीत मागून भरा. त्यात शेवटचा प्रश्न जिवाचं बरंवाईट करायचा विचार आला का, हा असतो. त्याचं उत्तर हो आलं तर त्याच दिवशी दाखवायचं. आणि भास व्हायला लागले, काहीबाही बोलायला लागली तर ती इमर्जन्सी, हे हजारात एक-दोघींना होतं पण झालं तर तासही घालवायचा नाही. अंगावर पाजताना चालतील अशा गोळ्या असतात, त्यामुळे विहीणबाई "औषध नको, दूध बिघडेल" म्हणाल्या तर मला फोन लावून दे.

सगळं गोळ्यांनीच होतं असंही नाही. पाकिस्तानात रावळपिंडीकडच्या खेड्यांत आपल्या आशाताईंसारख्याच आरोग्य कार्यकर्त्या गरोदरपणापासून घरी जाऊन बोलत बसायच्या, घरच्यांनाही सामील करून घ्यायच्या. सुरुवातीला सगळ्याच बायका डिप्रेशनमध्ये होत्या, बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा जिथे हे बोलणं झालं तिथे 23 टक्के अजून आजारी आणि दुसरीकडे, जिथे नुसत्याच भेटी दिल्या, तिथे 53 टक्के. 2008 चा अभ्यास आहे. एवढा फरक बघून मी दोनदा वाचलं.

तेव्हा शनिवार-रविवार कोल्हापूर, आणि मधल्या दिवसांत रात्री फोन. बाळाने शी केली का हे विचारायच्या आधी मधुरा झोपली का ते विचार. मनाच्या त्रासासाठी सरकारचा टेलि-मानस नंबर आहे, 14416, तो सेव्ह करून ठेव, मराठीत बोलतात. डिंकाचे लाडू मी करतेय, ते न्यायला तूच ये, पार्सल करणार नाही.

आई